ते कधी येणार

सूर नावाचं गाव ओमानात आहे.
नाव ऐकून आमच्याकडचे विचारतात, गातात का तिथं सगळे?
लाकूड तासतात. तासत होते.
आता खाडीकाठच्या कारखान्यात अर्ध्या गलबतापुढं
पाहुणे फोटो काढून घेतात,
आणि समोरच्या टायपिंगच्या दुकानात मी
व्हिसा, भाडेकरार
आणि माणसं मेल्याचे कागद छापतो.

मेल्याच्या कागदाला क्रियापद लागत नाही.
नाव. पासपोर्ट. कारण : हृदय बंद.
अरबीतून इंग्रजीत, तिथून वकिलातीच्या रकान्यात,
दर ओतण्याला थोडा माणूस सांडतो.

एके काळी मी कविता करायचो.
दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या.
बरीच माणसं मारली त्यांत :
कुणाचा दिवा मालवला, कुणाचं पान गळलं,
एका आत्याला तर नदीपार नेलं,
तिच्या गावाला नदी नसताना.

इथं खजुराचं पान गळत नाही.
वाळतं, तपकिरी होतं,
आणि झाडालाच लोंबत राहतं वर्षानुवर्षं
कुणी विळा घेऊन वर चढेपर्यंत.
हे पाहिल्यापासून ती ओळ हातून उतरत नाही.

याकूब सारंग सोमवारी मेला.
टाइप केलं, पुसलं.
वारला. निवर्तला. पैगंबरवासी झाला,
हे तर पेपरातल्या चौकटीतलं, फोटोसकट.
तो स्वतः म्हणायचा, अमका सरला.
तेल सरतं, महिना सरतो, तसा.

पठाण, वाक, नाळ, परबाण,
गलबताचं हाड न् हाड त्याच्या तोंडी होतं.
एकदा नवी होडी ओंडक्यांवरून घसरताना
मी विचारलं, चाचा, हे काय म्हणायचं?
म्हणजे लाकूडपण सुटलंय,
पाण्यानं अजून घेतलं नाही, तेवढं मधलं?
त्यानं सांगितलं. एकच शब्द, आजोबाचा.
ळ होता त्यात, की ळ च्या शेजारचं काही.
माझ्या हातात चहा होता.
म्हटलं, लिहून घेतो नंतर.

मंगळवारी कारखान्यात विचारत फिरलो.
केरळचा वर्गीस म्हणाला, तो त्याचाच शब्द, आम्हीही वापरायचो.
फोरमन सुवेद म्हणाला, हो हो, तो शब्द,
आणि जीभ टाळूपर्यंत नेऊन परत आणली.
मुंब्र्याला फोन केला. मुलगा म्हणाला, लाँचिंग?
रडारड नाही, खांदेकरी नाहीत.
तीन-चार माणसं उन्हात उभी,
काय बरं, काय बरं, म्हणत.
याचा दाखला कुठल्या खिडकीत मिळतो
ते सोळा वर्षं कागद छापून मला ठाऊक नाही.

रात्री हलीमावहिनींना फोन लावला.
नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.
याकूबचा फोन लागला नाही की दुकानात करायच्या,
आणि दर खेपेला एकच वाक्य :
ते कधी येणार?

वहिनी, कागद झाले, म्हटलं.
ते कधी येणार?

मराठीत माणूस तो असतो, मान दिला की ते.
प्रेत आधीपासूनच ते.
आणि येणार ला लिंग नाही, वचन नाही.
एक काना न हलता
ते वाक्य मरणातून इकडून तिकडं गेलं.
कुठलं ते त्यांनी विचारलं, मला कळलं नाही.
त्यांना तरी कळायला हवं होतं का?

गुरुवारी, म्हटलं. पहाटेच्या विमानानं.
बरं, म्हणाल्या.
मग रेषेवर नुसती खरखर, मग :
जेवले होते का?

हा रकाना कागदात नाही.
हो, म्हटलं. मासळी होती.

कुठली?